बिनसहीचं टेबल

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात प्राध्यापक निवृत्त होतो त्या महिन्यात त्याच्या हातात एक कागद असतो. कार्यालयीन मराठीत त्याला ना-देय प्रमाणपत्र म्हणतात. बोलताना सगळे ‘नो ड्यूज’च म्हणतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, भांडार, लेखा विभाग, क्वार्टर असेल तर इस्टेट विभाग, अशा सगळ्या खिडक्यांवर फिरून सह्या गोळा करायच्या. ज्यानं तीस वर्षं त्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडली, याद्या केल्या, विद्यार्थ्यांना कपाटं दाखवली, त्याच्याकडून पुस्तकं परत घेतली जातात आणि कार्ड बाद होतं. पुढं कधीतरी विद्यापीठाचा ईमेल बंद होतो, आणि त्याच्यासोबत त्यावर उघडणारी संशोधनपत्रिकाही. खोलीची किल्ली शिपायाकडं जाते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ होतं, विभागप्रमुख म्हणतात, ‘सर, येत राहा.’ सर आले तर बसणार कुठं, याचं उत्तर त्या भाषणात नसतं.

नियमांनाही हे उत्तर द्यायची घाई नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. आधीचे विद्यार्थी निवृत्तीपर्यंत त्याच्याकडं राहतात, नंतर तो सहमार्गदर्शक होतो आणि सत्तरीनंतर तेही संपतं. विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेत गाइडनं सोडू नये, हा यामागचा हेतू रास्तच आहे. पण केंद्रीय विद्यापीठांत २००७ पासून निवृत्तीचं वय पासष्ट आहे आणि महाराष्ट्रात अध्यापकांसाठी ते साठ. म्हणजे पुण्यातला इतिहासाचा प्राध्यापक सत्तावन्नाव्या वर्षी नवे विद्यार्थी घेणं थांबवतो आणि दिल्लीतला त्याचा समवयस्क आणखी पाच वर्षं घेत राहतो. दोघांची वाचनाची ताकद आणि चष्म्याचा नंबर सारखाच असू शकतो.

निवृत्तांना कॅम्पसच्या जीवनात सामावून घ्यावं, या म्हणण्याला कुणाची हरकत नसते. हरकत सुरू होते ती तपशिलात. खोली कुणाची काढून द्यायची? मानधन कुठल्या हेडखाली टाकायचं? विभागाच्या बैठकीत त्यांना बोलवायचं का, आणि बोलावलं तर ते गप्प बसतील का? हे प्रश्न क्षुद्र वाटले तरी खरे तेच आहेत. त्यांच्याकडं पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते: निवृत्त प्राध्यापकाला टेबल द्यावं, ग्रंथालय द्यावं, लांब पल्ल्याचं काम द्यावं आणि सही देऊ नये. नेमणूक, निवड, निधी, पदोन्नती यांच्या कुठल्याही कागदावर त्याची सही लागता कामा नये. महाराष्ट्रात ही व्यवस्था एकेकाळी उत्तम चालली. चालली ती मात्र विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत महाभारताची चिकित्सित आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. काम सुरू झालं होतं १९१९ मध्ये. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून संपादनाची पद्धत बसवली आणि जानेवारी १९४३ मध्ये ते अचानक गेले. प्रमुख संपादकपद श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्याकडं आलं. ते डेक्कन कॉलेजातले संस्कृतचे माजी प्राध्यापक, वयाची साठी उलटलेले. पुढची सुमारे अठरा वर्षं त्यांनी हे काम वाहिलं. शांतिपर्व, म्हणजे महाभारतातलं सर्वांत मोठं पर्व, त्यांनीच संपादित केलं. १९६१ मध्ये त्यांच्या जागी परशुराम लक्ष्मण वैद्य आले. वैद्यांचा जन्म १८९१ चा, म्हणजे शेवटचा चढ सत्तरीतल्या माणसानं चढला. मराठी मुलखातल्या विद्वत्तेचा जगभर सर्वांत जास्त उल्लेख होतो तो या आवृत्तीमुळं, आणि तिच्या प्रवासातली निम्म्याहून थोडी कमी वर्षं ती अशा माणसांच्या हाती होती, ज्यांना आजचं विद्यापीठ ‘नो ड्यूज’ देऊन घरी पाठवतं.

ही परंपरा त्या संस्थेच्या नावातच आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले, त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला १९१३ मध्ये, पंचाहत्तरीनंतर. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ ला, संस्था स्थापन झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. पुढं डेक्कन कॉलेजातून निवृत्त झालेले मधुकर अनंत मेहेंदळे तिथं येऊन बसले आणि महाभारताची सांस्कृतिक सूची करत राहिले. महाभारतात कुठली नदी, कुठलं शस्त्र, कुठली वनस्पती, कुठला विधी कुठं येतो, हे नोंदवण्याचं ते काम. मेहेंदळे २०२० मध्ये गेले तेव्हा वयाचं शतक ओलांडून दोन वर्षं झाली होती. अमृत माधव घाटगे यांनी आयुष्याचा शेवटचा टप्पा त्याच आवारात प्राकृत भाषांच्या बृहद्कोशासाठी दिला.

या सगळ्यांना संस्थेनं काय दिलं होतं? मोठं मानधन तर खासच नाही. एक टेबल, हस्तलिखितं, हाताशी ग्रंथालय, मदतीला एक-दोन तरुण, आणि एका माणसाच्या नोकरीत न मावणारं काम. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महाभारताच्या आवृत्तीसारखं सत्तेचाळीस वर्षांचं काम कुठल्याच प्राध्यापकाच्या सेवेत बसत नाही. डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं, सुमारे एक कोटी शब्दचिठ्ठ्या तयार झाल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि काम अजून चालू आहे. अशा कामात दर काही वर्षांनी मूल्यांकनाला येणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवण्याजोगं काही नसतं.

इथं निवृत्तांच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तो सहसा मांडला जात नाही. त्यांच्या अनुभवाचं कौतुक सगळेच करतात. पण अनुभवापेक्षा मोठी गोष्ट अशी, की कॅम्पसवर एकटा निवृत्त प्राध्यापकच असा असतो ज्याला आणखी एक शोधनिबंध छापून काहीही मिळणार नसतं. ‘कॅस’खाली, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट योजनेखाली, पदोन्नती हवी असलेला सहायक प्राध्यापक सूची करायला बसत नाही. त्याचा दोष नाही. सूचीला गुण नाहीत, कॅटलॉगला नाहीत, जुन्या प्रबंधातल्या चुका दुरुस्त करण्याला तर नाहीतच. पस्तिशीतल्या माणसाला गुण मोजावे लागतात, कारण त्यावर घराचा हप्ता अवलंबून असतो. ज्ञानाच्या व्यवहाराला मात्र शब्दकोश, सूची, चिकित्सित आवृत्ती, नमुन्यांच्या नोंदी यांची गरज लागतेच. गुण न मिळणारं काम करायला मोकळा असलेला विद्वान फक्त निवृत्तांतच सापडतो, आणि त्याच्याकडं विद्यापीठ सत्कारमूर्ती म्हणून पाहतं.

विद्यापीठांनी निवृत्तांना जागा कधी दिलीच नाही, असं मात्र नाही. गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात १९२४ पासून होते, १९५९ मध्ये निवृत्त झाले आणि नंतर तिथंच गुणश्री, म्हणजे एमेरिटस, प्राध्यापक म्हणून राहिले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते लिहीत होते. ईशान्य भारतावरचं त्यांचं पुस्तक निघालं १९८० मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या ऐंशीच्या पुढं. डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले आणि गुणश्री प्राध्यापक म्हणून संस्थेशी जोडलेले राहिले. भारत-पाकिस्तानच्या प्रागितिहासावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती १९७४ ची आहे.

अर्थात, कुंपणाबाहेरची यादीच जास्त लांब आहे. विनायक महादेव दांडेकर १९८० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या संचालकपदावरून उतरले. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलताना आजही ज्या दांडेकर समितीचं नाव घेतलं जातं, ती त्यानंतरची, १९८३-८४ ची. म्हणजे महाराष्ट्राच्या राजकारणाला चाळीस वर्षं पुरलेला हिशेब एका निवृत्त संचालकाच्या हातचा आहे. मे. पुं. रेगे दादरच्या कीर्ती कॉलेजच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्यावर वाईला रमले. ‘नवभारत’चं संपादन, प्राज्ञपाठशाळा आणि १९९४ पासून मराठी विश्वकोश मंडळाचं अध्यक्षपद, असा त्यांचा उत्तरार्ध. अशोक केळकर १९८९ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले. ज्या ‘रुजुवात’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते पुस्तक २००८ चं. म. वा. धोंडांना ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’साठी तोच पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. या माणसांनी विद्यापीठ सोडलं म्हणण्यापेक्षा विद्यापीठानं त्यांना सोडलं होतं, आणि सुदैवानं वाई, पुणे, मुंबई इथं त्यांना झेलायला कुणीतरी होतं. गोंदिया, हिंगोली किंवा चंदगडच्या महाविद्यालयातून निवृत्त होणाऱ्या माणसाला झेलायला कोण आहे?

आता दुसरी बाजू. ती भावनिक नाही, पोटाची आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली मुलं-मुली तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासाच्या हिशेबानं शिकवतात. सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनमध्ये तास मिळतील याची खात्री नाही. अशांच्या समोर ‘निवृत्त प्राध्यापकांना पुन्हा कॅम्पसवर आणा’ असं म्हटलं, तर ‘आधी आम्हाला आत घ्या’ हेच उत्तर येणार, आणि ते बरोबर आहे. शालेय शिक्षणात हे घडूनही गेलं. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर कंत्राटी घेण्याचं शासनानं ठरवलं, आणि भरतीची वाट पाहणाऱ्या डी.एड., बी.एड. उमेदवारांमध्ये संताप उसळला. त्यांचा राग निवृत्त गुरुजींवर नव्हता. पेन्शन मिळणाऱ्या माणसाला स्वस्तात बोलावून भरती पुढं ढकलता येते, हे त्यांना दिसत होतं. संस्थाचालकांनाही ते दिसतं. म्हणून निवृत्तांना ‘सामावून घेण्या’च्या कुठल्याही योजनेकडं पहिल्यांदा संशयानंच पाहिलं पाहिजे.

उपाय सोपा आहे, आणि तो नियमातच लिहावा लागेल. निवृत्त प्राध्यापकाचा एकही तास वर्कलोडमध्ये धरायचा नाही. वेळापत्रकातल्या कुठल्याही रिकाम्या चौकटीत त्याचं नाव घालायचं नाही. विभागात सहा पदं मंजूर आणि तीन भरलेली असतील, तर निवृत्त सर रोज येऊन बसले तरी कागदावर तीनच. त्यांचं काम त्या सहांच्या बाहेरचं असलं पाहिजे. ते नसलं तर विभाग बंद पडणार नाही आणि असलं तर विभागाची श्रीमंती वाढेल, असं. ज्या दिवशी ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा पेपर तीन शिकवू लागतात, त्या दिवशी एखाद्या सेट झालेल्या मुलीची जागा जाते. हे कितीही नम्रपणे घडलं तरी घडतंच.

दुसरी भीती सत्तेची आहे. ती उघड कमी बोलली जाते. विभागाच्या व्हरांड्यात जास्त. ‘सर’ निवृत्त झाले, पण विभागप्रमुख अजून त्यांना फोन केल्याशिवाय अभ्यासक्रम बदलत नाहीत. पीएच.डी.ला कुणाला घ्यायचं, बाहेरचा परीक्षक कोण, निवड समितीवर विषयतज्ज्ञ कोण, या सगळ्यावर जुन्या विद्यार्थ्यांचं जाळं चालतं. आपल्याकडं गुरूला नाही म्हणायची सवय नाही, आणि पासष्टीच्या गुरूला पंचेचाळिशीच्या विभागप्रमुखानं नाही म्हणायची तर मुळीच नाही.

बाहेरच्या देशांतही हाच तिढा आहे, फक्त त्याचं रूप कायदेशीर आहे. अमेरिकेत वयाच्या आधारे सक्तीनं निवृत्त करण्याची सूट विद्यापीठांना १९९३ च्या अखेरपर्यंत होती. १९९४ पासून कायम नेमणूक असलेला प्राध्यापक स्वतः म्हणेल तेव्हाच जातो. त्यामुळं तिथं विद्यापीठांनी उलट्या बाजूनं विचार सुरू केला: माणसानं खुशीनं पद सोडावं म्हणून पद सोडल्यावरचं आयुष्य आकर्षक करायचं. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण निवृत्तिवय २०११ मध्ये रद्द झालं, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजनं तरुणांना वाट मिळावी या कारणानं स्वतःचं वय ठरवून ठेवलं, आणि ऑक्सफर्डला त्याबद्दल स्वतःच्याच प्राध्यापकांविरुद्ध लवादासमोर उभं राहावं लागलं. पद आणि काम यांची गाठ सोडवली नाही की असंच होतं. माणूस पदाला चिकटतो, कारण पद गेलं की प्रयोगशाळाही जाते.

ही गाठ सुटू शकते याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. जयंत नारळीकर १९८८ मध्ये आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. संस्था त्यांनी उभारली, तिथली माणसं त्यांनी निवडली, तिथली शैली त्यांची. २००३ मध्ये ते संचालकपदावरून उतरले आणि २०२५ मध्ये निधन होईपर्यंत त्याच संस्थेचे गुणश्री प्राध्यापक होते. त्या बावीस वर्षांत आयुकाला एकामागून एक नवे संचालक मिळाले आणि आयुकाचा कारभार आयुकाचे संचालकच करत होते. नारळीकर विश्वरचनाशास्त्रावरचं आपलं मतभेदाचं संशोधन करत राहिले, मराठीत लिहीत राहिले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एनसीईआरटीची आधीच्या अभ्यासक्रमाची विज्ञान आणि गणिताची पाठ्यपुस्तकं उघडली, तर सल्लागार गटाच्या अध्यक्षांच्या नावापुढं पद काय लिहिलंय ते पाहावं: एमेरिटस प्रोफेसर. देशभरातल्या कोट्यवधी मुलांच्या हाती गेलेल्या पुस्तकांच्या त्या पानावर हे काम एका निवृत्ताच्या नावानं नोंदलेलं आहे. संस्थापकाला इतकं सहज बाजूला होता आलं यात त्यांच्या स्वभावाचा वाटा असणारच. पण स्वभावावर विसंबून व्यवस्था चालत नाही. प्रत्येक विभागाला नारळीकर मिळत नाहीत. म्हणून सही काढून घेण्याचा नियम लागतो.

सरकारी पातळीवर योजना आहेत, नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या शिक्षकदिनी निवृत्त अध्यापकांसाठी फेलोशिप जाहीर केली: १०० जागा, दरमहा ५०,००० रुपये, वर्षाला ५०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी, मुदत तीन वर्षं. देशात हजाराहून जास्त विद्यापीठं आणि चाळीस हजारांहून जास्त महाविद्यालयं आहेत. शंभर जागा म्हणजे दहा विद्यापीठांमागं एकही धड येत नाही. त्याच वर्षी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची कल्पना आली. उद्योग, कला, प्रशासन, सैन्य यांतले अनुभवी लोक मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत घेता येतील, औपचारिक पदवीची अट नाही. मात्र अध्यापनाच्या पेशातली व्यक्ती, सेवेतली असो की निवृत्त, या पदाला अपात्र. नियमाचा उद्देश समजतो, बाहेरचं वारं आत यावं असाच आहे. तरी चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाकडं ‘प्रॅक्टिस’ नाही, असं शिक्षणाच्याच सर्वोच्च संस्थेनं लिहून द्यावं, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये एक कलम मात्र खरंच कामाचं आहे. ज्येष्ठ आणि निवृत्त अध्यापकांचा मोठा संच तयार करून त्यांनी विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना मार्गदर्शन करावं, आणि त्यात भारतीय भाषांतून शिकवू शकणारेही असावेत, असं ते सांगतं. मराठीच्या दृष्टीनं हे सोनं आहे. अर्थशास्त्र, भौतिकी, मानसशास्त्र मराठीतून शिकवलेली, परिभाषा तोंडात बसलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. मराठीतून उच्च शिक्षण देण्याच्या घोषणा तर होतच आहेत. तासाला उभं राहून ‘सीमांत उपयोगिता’ किंवा ‘कोनीय संवेग’ न अडखळता समजावणारी माणसं कुठं राहतात, याची यादी आधी करायला हवी.

आणि गुणश्री हा मान दिला म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. २०१९ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं रोमिला थापर यांच्यासह अनेक गुणश्री प्राध्यापकांकडं त्यांचा कार्यवृत्तांत मागितला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा दर्जा पुढं ठेवायचा का, हे समिती पाहील, असं सांगण्यात आलं. थापर १९९१ मध्ये निवृत्त झाल्या होत्या, हा मान त्यांना १९९३ पासून होता आणि त्या वेळी त्यांचं वय सत्त्याऐंशी होतं. हा मान तहहयात असतो, तो पुन्हा तपासायचा नसतो, असं म्हणत त्यांनी कागद पाठवायला नकार दिला. देशभर गदारोळ झाला. त्यामागचं राजकारण बाजूला ठेवलं तरी गोंधळ लक्षात घेण्याजोगा आहे: विद्यापीठानं मान आणि सोय यांची सरमिसळ केली होती. मान आयुष्यभराचा असावा, त्याला मुदत नसते. खोली, प्रयोगशाळेतला बाक, साहाय्यक यांना मुदत असावी, कारण त्या वस्तू मोजक्या आहेत. खोली तीन वर्षांनी परत मागितली तर तो अपमान नाही. मान परत मागणं हा अपमानच आहे.

काम कुठलं द्यायचं, हे ज्या त्या विभागाच्या कपाटांत पाहिलं की कळतं. डेक्कन कॉलेजनं भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावला १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. अशा उत्खननातली हजारो खापरं, हाडं, नोंदवह्या, नकाशे यांचा अर्थ त्या खड्ड्यात उभं राहिलेल्या माणसाला जितका लागतो तितका कुणालाच लागत नाही. वहीतल्या एका ओळीत काय राहून गेलं, हे त्यालाच ठाऊक असतं. तो गेला की खापर उरतं, संदर्भ उरत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जिवंत ठेवल्या आहेत. सह्याद्रीच्या कुठल्या कड्यावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या गवतात त्या सापडतात, हे तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांच्यासारखी माणसं पायांनी शिकलेली असतात आणि निवृत्तीनंतरही डोंगर चढतात. त्यांच्या मागं एक विद्यार्थी चालत असला पाहिजे. तो खर्च तरी किती? पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतले कागद कोट्यवधी आहेत आणि मोडी सफाईनं वाचणारे मोजके. तालुक्याच्या गावी इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, मोडी येणाऱ्या प्राध्यापिकेला आठवड्यातून दोन दुपारी चार विद्यार्थी आणि एक स्कॅनर दिला, तर दहा वर्षांत त्या तालुक्याच्या वतनदारीचा, दुष्काळांचा, जमिनीच्या तंट्यांचा इतिहास उभा राहू शकतो.

परदेशातल्या दोन गोष्टी इथं सहज उचलता येतील. येल विद्यापीठात २००३ पासून निवृत्त प्राध्यापकांसाठी वेगळं केंद्र आहे. तिथं त्यांना बसायला खोल्या मिळतात, आणि एक व्याख्यानमाला चालते जिच्यात निवृत्त प्राध्यापक आपले विचार आयुष्यभरात कसे घडले, कुठं वळले, ते सांगतो. आपल्याकडच्या सत्कार समारंभात दुसरेच लोक त्याच्याबद्दल बोलतात आणि त्याला शेवटची दहा मिनिटं मिळतात. त्यापेक्षा हे किती तरी बरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दहा कॅम्पस. तिथल्या निवृत्तांच्या संघटना आपल्या सदस्यांनी निवृत्तीनंतर काय शिकवलं, काय छापलं, कुठं सेवा दिली याची ठरावीक काळानं मोजदाद करतात आणि या सगळ्याला विद्यापीठाचा अदृश्य अकरावा कॅम्पस मानतात. महाराष्ट्रातल्या किती विद्यापीठांना आपल्या निवृत्त प्राध्यापकांचे चालू फोन नंबर सांगता येतील? पेन्शन विभागाकडं ते असतात, विषयाच्या विभागाकडं नसतात.

एक सावधगिरी इथंच नोंदवायला हवी. सगळ्यांनाच गुंतायचं नसतं. काहींना नातवंडं सांभाळायची असतात, काहींना शेती करायची असते, काहींना पस्तीस वर्षं शिकवून त्या विषयाचा खरोखर कंटाळा आलेला असतो आणि तो प्रामाणिक असतो. प्राध्यापिकांच्या बाबतीत निवृत्ती म्हणजे बहुतेकदा घरातल्या आजारी माणसाची पूर्णवेळ जबाबदारी, तिला ‘मोकळा वेळ’ म्हणणं चेष्टा ठरेल. काहींची स्मृती थकते, आणि ते सांगायला कुणी धजत नाही. म्हणून टेबल मागणाऱ्याला द्यावं, मागितल्यावर तीन वर्षांसाठी द्यावं, आणि दर वेळी कामाचं एक पान लिहून घ्यावं: काय करणार, कुठला विद्यार्थी सोबत असणार. मुदत संपली की ते पान पाहून पुढचं ठरवता येतं, आणि कुणाला कुणाचं तोंड चुकवावं लागत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो आजच्यापेक्षा उद्या मोठा होणार आहे. गेल्या काही दशकांत निवृत्त प्राध्यापकांनी विश्वकोशासाठी, विज्ञान परिषदेसाठी, संशोधन संस्थांसाठी जे मानद काम केलं ते पेन्शनच्या भरवशावर. घर चालत होतं, म्हणून बसभाड्यावर आणि चहावर विद्वत्ता मिळत होती. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना ती जुनी पेन्शन नाही. त्यांच्या निवृत्तीचं गणित अंशदानावर आहे. तिसाव्या वर्षी, २००६ मध्ये लागलेला सहायक प्राध्यापक २०३६ मध्ये साठ वर्षांचा होईल. त्याला ‘सर, मानद म्हणून या’ असं म्हणणं त्या वेळी शक्य होईलच असं नाही. तो कोचिंग क्लासकडं किंवा खासगी विद्यापीठाकडं वळेल, आणि त्यात त्याचं चुकणार नाही. विभागाला तो हवा असेल तर सूचीच्या, कोशाच्या, नमुन्यांच्या कामासाठी, वर्कलोडपासून वेगळं, छोटं पण दरमहा मिळणारं मानधन लागेल. त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र हेड लागेल. ते उघडायचा ठराव व्यवस्थापन परिषदांनी २०३० च्या आत केला, तर निदान त्या पहिल्या तुकडीला उशीर होणार नाही.